कडीच्या डब्यातली खिरापत

लासूर स्टेशन,
सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी

चि. सौ. तनुजास, आजी सारजाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको. इथं समदं बरं हाय. शेळी व्याली, एकच करडू झालं पण लई माजोरडं हाय, मायच्या आचळाला लागतच नाय. तुझ्या आप्पाआजोबांचा गुडघा पाऊस गेला तरी दुखायलाय. शेळीची बातमी आधी सांगितली म्हणून ते आत्ताच रुसले.

पत्र लिहायचं कारण आसं की फोनचा भरवसा राहिला नाय. परवा तू हळूच विचारलंस की आजी, कुणालाच वळखू येणार नाय आशी खिरापत सांग. मला नीट ऐकू आलं नाय म्हणून मी वरडून विचारलं की कुणाला फसवायचंय, सासूला का? तर तिकडून तुझ्या सासूबाईच हसल्या! तू पोळ्या लाटता लाटता फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर बोलायलीस हे मला काय ठावं? मला दोन दिवस भाकर गोड लागली नाय. आता गुपिताचं बोलणं कागदावरच. मी तिसरी शिकलेली, ऱ्हस्व-दीर्घ तू बघून घे. शेजारचा काकासाहेब रोज कंपनीच्या गाडीनं चिकलठाण्याला येतो, त्याच्या हाती देते. पत्र तो वाचत नाय, चष्मा कायम घरी विसरतो. डबा दिला तर मात्र उघडतो, तेवढं ध्यानात ठेव.

तुमच्या सोसायटीतल्या बायका आजून भुलाबाई बसवत्यात हे ऐकून बरं वाटलं. आमच्या वेळी ज्वारीच्या ताटांचा मखर करून त्यात भुलाबाई ठेवायचो. गाणी झाली की झाकलेली खिरापत हलवायची आन् आवाजावरून वळखायची. मी लई तरबेज होते. चिवडा खळखळतो, लाडू गडगडत्यात, करंजी बाळंतिणीगत हळू कण्हती. पण एक नेम होता, आन् तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती. जिनं वळखलं तिनं पहिला घास खायाचा, करणारीच्या हातून, भुलाबाईच्या समोर. नाय म्हणलं तर भुलाबाई उपाशी सासरी जाती. माझी थोरली बहीण भामाबाई, तिनं एकदा शिऱ्यात साखरेच्या जागी मीठ घातलं होतं. मी वळखला. मग काय, डोळ्याला धार लागली तरी गिळावा लागला, आन् ती माझं तोंड उघडून बघायली की खाल्ला का नाय. त्या दिवसापासून मला शिरा म्हणलं की भामाबाईच दिसती.

हां, तर तुझ्या खिरापतीचं. समद्या बायका खायाचंच धरून चालत्यात. आपण प्यायाचं करायचं. दूध नको, कोजागिरीला दूध तर शेंबडं पोरगं पण वळखील. हुलग्याचं गोड माडगं कर. गुळाचं पाणी उकळायचं, हुलग्याचं भाजून दळलेलं पीठ गार पाण्यात कालवून त्यात सोडायचं, हात थांबवायचा नाय, सुंठ, विलायची, वरून दूध. दाट झालं की डबा कितीबी हलव, हूं का चूं करत नाय. थंडीच्या तोंडावर गरम गरम माडगं म्हणजे आंगात शेकोटी. पीठ मी पाठवते.

जावयबापूंना आशीर्वाद. इहीणबाईंना नमस्कार सांग, पण खिरापतीचं सांगू नको. तुझा जीव आमच्यावर आसाच राहू दे.

तुझी आजी
सारजाबाई

*

चिकलठाणा,
५ ऑक्टोबर

ती. आजीस, तनुजाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काकासाहेबांनी कंपनीच्या गेटवर दिलं. त्यांनी सोबतचा डबाही दिला, त्यात तू किती चकल्या ठेवल्या होत्यास ते मला कळव, म्हणजे त्यांनी किती खाल्ल्या ते कळेल.

फोनचं मनावर घेऊ नको. आत्याबाई अजून ते आठवून हसतात. पण त्यामुळे झालं काय, तर आता अख्ख्या सोसायटीला कळलंय की तनुजा सासूला फसवणार. आत्याबाईंना आजवर कुणी फसवलेलं नाही. पहिल्या दिवशी एकीनं ढोकळा केला होता, आत्याबाईंनी डबा हातात घेतला, हलवलासुद्धा नाही, नुसता तोलून पाहिला आणि ढोकळा म्हणाल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या मोनिकानं मंचुरियन केलं. तिला वाटलं तिच्या मनकर्णाकाकूंनी, म्हणजे आत्याबाईंनी, हे नावही ऐकलं नसेल. काकूंनी वास घेऊन विचारलं की सोया सॉस जास्त झाला का गं. मोनिका त्या दिवसापासून माझ्या बाजूला आहे.

माझी पाळी शेवटची, कोजागिरीची. गच्चीवर सगळ्या जमणार, मोठ्या पातेल्यात मसाला दूध आटणार, आत्याबाई सीताफळाची रबडी करणार. आजी, तू ये ना. लग्नाला पाच महिने झाले, तू एकदाही आली नाहीस. आप्पा येऊन गेले, तेही जिन्यातच उभे राहून. मी या घरात पोळ्या करते, भाजी करते, सगळे खातात, बरी झाली म्हणतात. पण ज्या बाईनं मला लहानपणी एकेक घास भरवला, तिच्या पोटात माझ्या हातचं अजून काही गेलेलं नाही. मला बाकी काही नको. कोजागिरीला येऊन माझ्या घरचं कपभर दूध पी.

आप्पांच्या गुडघ्याला आणि करडाला, दोघांनाही जप. माया पाठवत राहा, चकल्या संपल्या तरी चालेल.

तुझी
तनुजा

*

लासूर स्टेशन,
पाचवी माळ

चि. सौ. तनुजास, आजीचे देव्हाऱ्यापुढं बसून दिलेले आशीर्वाद. वि. वि.

चकल्या वीस होत्या. आता काकासाहेबाशी मी बोलणारच हाय.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तुझ्या आप्पांना वाचून दाखवायला घेतलं, पण ते घास भरवायचं आलं तिथं मला खोकला आला आन् मी पुढचं वाचलं नाय. बाई, तू आसं लिहीत नको जाऊ.

पण मी येणार कशी? तुला काय ठाऊक नाय का, लेकीच्या घरी पोर खेळस्तोवर माहेरच्या मोठ्यांनी तिच्या घरचं पाणी प्यायाचं नसतं. नातीचं काय वेगळं? मी माझ्या दोन्ही लेकींकडं पाळलं. थोरलीच्या दारात मी उन्हाळ्यात उभी ऱ्हायले, जीभ टाळूला चिकटली, पण पाणी घेतलं नाय. तिला पोरगा झाला तवा पहिल्यांदा तिच्या घरचा चहा पेले. कसला फिका होता! पण समदा पेले, दोन वर्षं वाट बघितलेला चहा. हे कुणी केलं, काहून केलं, मला विचारू नको. माझ्या मायनं पाळलं म्हणून मी पाळते. पणतू होऊ दे, मग मी आशी येते की तूच म्हणशील, आजी आता जा.

पीठ पाठवलंय. हुलगे खापरात खमंग भाजून जात्यावर दळलेत, गिरणीत दिले नाय. संगं माझा कडीचा डबा हाय, दूध न्यायचा, घट्ट झाकणाचा. माडगं त्यातच ओत, गरम ऱ्हातंय. आन् एक डांगर पाठवलंय, तुम्ही त्याला लाल भोपळा म्हणता. माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलंय, भाजीला होईल. घारगे करायच्या फंदात पडू नको बरं का. तुला ते लई आवडत्यात हे मला ठावं हाय, पण खिरापतीला बाद! डब्यात हलवले की चपलेगत थपथप वाजत्यात. इहीणबाई झोपेत पण वळखतेल.

काकासाहेबाला सांगितलंय की डांगर कच्चं खाल्लं तर पोट दुखतंय.

जिवाला जप, आन् म्हातारीवर राग धरू नको.

तुझी आजी
सारजाबाई

*

चिकलठाणा,
१० ऑक्टोबर

ती. आजीस, नमस्कार. वि. वि.

पीठ, डबा, डांगर सगळं पोचलं. राग धरू नको म्हणतेस, पण मी धरलाय.

तुला पणतू हवा. सत्यम आणि मी ठरवलंय की अजून दोन-तीन वर्षं तरी नाही. मी जूनमध्येच कंपनीत लागलेय, दोघांचं बस्तान बसू दे. तू तोवर काय करणार? माझ्या जिन्यात उभी राहून जीभ टाळूला लावणार? आणि तू स्वतःच म्हणतेस की का ते माहीत नाही. ज्या गोष्टीचं कारण तुला माहीत नाही, तिच्यासाठी तू मला अशी परकी करतेस. मी तुझी नात आहे का पाहुणी?

बरं, खायचं-प्यायचं सोड. नुसती ये. बायका मला चिडवतात की माहेरचं कुणी पाठीशी नाही म्हणून तनुजा हरणार. माझ्या बाजूला फक्त मोनिका आहे आणि तिचं मंचुरियन आधीच हरलंय.

पिठाचा डबा मी फडताळात मागे, रव्याच्या आड लपवलाय. आत्याबाईंना संशय नाही.

सध्या माया थोडी कमी आहे. आलीस तर पूर्ववत होईल.

तनुजा

*

लासूर स्टेशन,
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. सौ. रागीट तनुजास, आशीर्वाद, मागच्यापेक्षा दुप्पट. वि. वि.

येते! माहेरचं कुणी नाय म्हणत्यात? त्या बायकांना सांग, सारजाबाई येतीय. तुझ्या आप्पांनी पत्र ऐकलं आन् म्हणाले की म्हातारे, पोरगी बरोबर बोलती. मी म्हणले मग तुम्ही जिन्यात काहून उभे ऱ्हायले? तर म्हणाले गुडघ्यानं वर चढवेना म्हणून. आता बोला.

पण ऐक. मी येईन, बसीन, टाळ्या वाजवीन, राती राहीन. खाणार-पिणार नाय. भाकर आन् ठेचा फडक्यात बांधून आणते, पाण्याची माझी बाटली आणते. कुणी आग्रह केला तर सांग आजीचा उपास हाय. कसला ते मी गाडीत बसून ठरवीन.

खिरापतीची काळजी तू करू नको. वळखायचा वकत आला आन् इहीणबाई जवळ जायला लागल्या, तर मी मधीच काहीबाही वरडून त्यांचं ध्यान उडवून देईन. त्या कामात मी लहानपणापासून पक्की हाय. माडग्याचा हात थांबवू नको, गाठ होईल.

कोजागिरीला दुपारच्या गाडीनं येते. जावयबापूंना टेशनावर उभं कर, माझ्या हातात सीताफळाची पाटी आसंल.

मायेची उधारी ठेवू नको, मी आल्यावर समदी वसूल करीन.

तुझी आजी
सारजाबाई

*

चिकलठाणा,
१५ ऑक्टोबर

ती. आजीस, घाईघाईचा नमस्कार. वि. वि.

आजी, घात झाला. माडगं गेलं.

काल मी कामावरून आले तर घरभर लसणाच्या फोडणीचा वास. आत्याबाईंनी हौसेनं पान वाढलं. पानात शेंगोळे! त्यांना फडताळ आवरताना पीठ सापडलं. हुलग्याचं पीठ, सुनेच्या माहेरचं, जात्यावरचं, एवढं सगळं त्यांनी वासावरून ओळखलं. फक्त ते कशासाठी ठेवलंय तेवढं ओळखलं नाही. सत्यमनं तीनदा मागून घेतले. सगळे म्हणाले, तुझ्या आजीच्या हाताला काय चव आहे. मी माझी खिरापत लसूण घालून गुपचूप खाल्ली आणि छान झालेत म्हणाले. डब्याच्या तळाला चिमूटभर पीठ उरलंय, त्यात मांजरीचंही माडगं होणार नाही. शहागंजच्या बाजारातून हुलगे आणावेत तर भाजून दळेपर्यंत कोजागिरी उलटून जाईल.

फोन करावा तर तू ओरडून विचारणार. मग आप्पा काकासाहेबांना सांगणार, काकासाहेब कंपनीच्या गाडीत सांगणार, आणि त्याच गाडीत आमच्या सोसायटीतल्या दोघी असतात. म्हणून पत्रच.

तू रागावशील, पण मी घारगेच करणार आहे. डांगर होतं, गूळ होता, आणि मला आठवण येत होती. उद्या संध्याकाळी मोनिकाच्या घरी तळणार, म्हणजे आमच्या घरात वास नको. थपथप वाजू नयेत म्हणून गरम गरमच तुझ्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधून कडीच्या डब्यात दाबून बसवणार. मी पहिल्यांदाच करतेय. तू कधी मापानं केले नाहीस, तेव्हा मीही मापानं करणार नाही.

आजी, नीट वाच. उद्या आपल्याला दोघींना एकटं बोलायला मिळणार नाही. डब्यात माडगं नाही, घारगे आहेत. तू काहीबाही ओरडशील तेव्हा बाकी काहीही म्हण. तेवढं एक नाव घेऊ नको.

हे पत्र काकासाहेबांना आजच तुझ्या हातात द्यायला सांगतेय.

तुझीच, आणि सध्या फार घाबरलेली
तनुजा

*

लासूर स्टेशन,
कोजागिरीनंतरचा शुक्रवार

चि. सौ. तनुजास, आजीचे तोंड लपवून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. होय, आज! काकासाहेबानं ते आणलं तवा मी परसात शेणकूट करायले होते. त्यानं तुझ्या आप्पांना दिलं. त्यांनी जपून ठेवायचं म्हणून टोपीत ठेवलं आन् टोपी खुंटीला. आज बाजाराला निघाले आन् टोपी घातली, तर पत्र कपाळावर आलं. मी वाचलं आन् लगेच कागद घेऊन लिहायला बसले.

तुला त्या राती वाटलं आसंल की म्हातारीनं मुद्दाम केलं. तू माझ्याकडं तसंच बघितलंस. पण मला काय ठाऊक नव्हतं गं पोरी. तू डबा घेऊन गच्चीवर आलीस. माझा डबा, माझी कडी. मी मनात म्हणले, हां, माडगं आलं. बायकांनी हलवून बघितला, आवाज नाय. कुणी शिरा म्हणलं, कुणी बासुंदी, ती एक ठेंगणी बाई पनीर पनीर म्हणत नाचायली. मोनिका तर मुद्दाम मंचुरियन म्हणली, तिचं मला लई कौतुक वाटलं. मी बसल्या जागी फुगायले. माझी नात जिंकायली, माझ्या पिठानं जिंकायली!

मग इहीणबाई उठल्या. त्यांनी डबा हलवला नाय. दोन्ही हात लावून बघितला आन् म्हणाल्या की गरम हाय. मग डोळे मिटले आन् सावकाश म्हणाल्या की मला वाटतंय, हुलग्याचं... पुढं माडगं म्हणायच्या आत काहीतरी वरडायचं. काय वरडू? जे डब्यात कधीच नसणार ते. मीच तुला नको म्हणून लिहिलं होतं, म्हणून तेच तोंडावर आलं. मी उठून, टाळी वाजवून, अख्ख्या चिकलठाण्याला ऐकू जाईल आसं वरडले की डांगराचे घारगे!

आन् तुझं तोंड पांढरंफटक पडलं.

तू झाकण काढलंस, फडकं सोडलंस. माझंच लुगडं, आन् त्यातून वाफ निघायली, गुळाची. बायका हसून हसून आडव्या झाल्या. नातीची खिरापत आजीनंच फोडली म्हणं! माझी जिनगानीची इज्जत गच्चीवर गेली. मी वाट शोधायले खाली पळायची, तर इहीणबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, सारजाबाई, जिनं वळखलं तिनं पहिला घास खायाचा. मी म्हणले माझा उपास हाय. त्या म्हणाल्या, कसला? आन् मी गाडीत ठरवायचं इसरले होते. तुझ्याकडं बघितलं तर तुझ्या हातात घारगा, आन् माझ्या मागं भुलाबाई बसलेली. एकीकडं माझ्या मायचा नेम, एकीकडं भुलाबाईचा. दोन्ही बायांचेच. मी म्हणले, माय घरची हाय, ती समजून घेईल. भुलाबाई परक्याच्या घरी चाललीय, तिला उपाशी कशी धाडू?

खाल्ला. तू भरवलास. लहानपणी तू तोंड उघडायचीस तसं मी उघडलं. मीठ जरा कमी होतं. गोडात चिमूट मीठ लागतंय, ते तू इसरलीस. पण ते मी आज सांगते. मग मीच पाणी मागितलं. माझी बाटली पायाशीच होती, पण मी तुलाच मागितलं. तू तांब्या आणलास आन् मी समदा पेले. त्यानंतरचं तुला ठाऊकच हाय. दोन कप दूध, वाटीभर रबडी आन् शेवटचा घारगा पण मीच खाल्ला. म्हणलं आता नेम मोडलाच हाय तर पोटभर मोडावा.

पण पोरी, तू हरलीस ती माझ्यामुळं. ते मला खायायलंय. इहीणबाई चुकीचं बोलायल्या होत्या, माडगं म्हणल्या आसत्या तर तू जिंकली होतीस. मी तोंड मिटून बसले आसते तर!

राग आसंल तर लिहून पाठव. माया आसंल तर लिहायची गरज नाय.

तुझी आजी
सारजाबाई

*

चिकलठाणा,
२० ऑक्टोबर

सौ. विहीणबाई सारजाबाई यांस, मनकर्णाबाईचा गोड तोंडाने नमस्कार. वि. वि.

तुमच्या नातीनं तुमचं पत्र मला स्वतःहून वाचून दाखवलं. हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तिला राग मुळीच नाही. तुमच्या मनाला मात्र रुखरुख लागली आहे म्हणून मी लिहिते.

विहीणबाई, तुम्ही तिला हरवलं नाही. मला सगळं ठाऊक होतं. तेवढं मोठं डांगर माझ्या ओट्याखालून गायब झालं, सूनबाई मोनिकाच्या घरी जाऊन दोन तास दार लावून बसली, आणि जिन्यात गुळाचा वास. मी आंधळी आहे का? पोरीनं पहिल्यांदा खिरापत केली होती, तिला जिंकू द्यावं असं माझ्या मनात होतं. म्हणून डोळे मिटून मुद्दाम चुकीचं सांगायला लागले. काय सांगू म्हणून शोधत होते, तर दोन दिवसांपूर्वीचे शेंगोळे आठवले, म्हणून हुलग्याचं म्हणाले. पुढे माडगं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं, मी शेंगोळेच म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही उठलात! मी खोटं बोलून तिला जिंकवत होते, तुम्हीही खोटं बोलून तिला जिंकवत होता, आणि दोघींनी मिळून तिला असं हरवलं की विचारू नका. शेंगोळ्यांबद्दल मात्र मी खरंच अपराधी आहे. पण ते फार छान झाले होते.

आणि हात धरला ते रागावू नका. तुमचा नेम माझ्या आईचाही होता. सत्यम मला उशिरा झाला. आई दर दिवाळीला यायची, उंबऱ्याच्या बाहेर बसायची, पदराला गाठ मारून आणलेले शेंगदाणे खायची आणि जायची. सत्यम झाला त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. मी आयुष्यभर सगळ्यांच्या खिरापती ओळखल्या, पण तिला एक घास भरवायचा राहून गेला. तुम्ही घारग्याचं नाव घेतलंत तेव्हा मला वाटलं, ही संधी सोडायची नाही. तुम्ही पळाला असता तर मी जिना अडवणार होते.

पुढच्या वेळी येताना पीठ आणा. माडगं काय ते मला पण शिकायचं आहे.

आमच्या घराविषयीची तुमची ओढ वाढतीच राहो.

आपली
मनकर्णाबाई

*

लासूर स्टेशन,
वसुबारशीच्या आधी

चि. सौ. तनुजास आन् सौ. इहीणबाईंस, एकाच कागदावर दोघींना आशीर्वाद आन् नमस्कार, ज्याचं त्यानं वाटून घ्या. वि. वि.

इहीणबाईंचं पत्र मी तुझ्या आप्पांना वाचून दाखवलं. शेंगदाण्याच्या जागी मला परत खोकला आला. आप्पा म्हणाले की हा खोकला आता दवाखान्यात दाखव. त्यांना काय कळतंय!

मी रातभर विचार केला. थोरलीच्या दारात मी तहानलेली उभी ऱ्हायले, तवा ती आत पाण्याचा तांब्या भरून हातात घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलंच नाय, माझं समदं ध्यान नेमावर. काल तिला फोन केला आन् विचारलं की तुला आठवतंय का गं. ती म्हणली, माय, तांब्या जड होता. एवढंच म्हणली. मी वरडून काय बोलले नाय. पहिल्यांदा फोनवर हळू बोलले.

तर आता ठरलं. दिवाळीला आम्ही दोघं येतो. गुडघ्यासाठी जावयबापूंना जिन्यात उभं ऱ्हायला सांग, ढकलून वर न्यायला. हुलग्याचं पीठ दुप्पट दळलंय. आर्धं माडग्याला, आर्धं शेंगोळ्याला, म्हणजे चोरी करायची गरज नाय. घारगे तूच कर. चिमूट मीठ घाल.

येताना भाकर आणणार नाय. आन् पाण्याची बाटली पण नाय. ते करडू मायचं पीत नव्हतं ना, आप्पांनी त्या बाटलीला बोंडी लावली. आता दिसभर त्यातूनच दूध पितंय आन् बाटली धरून बसतंय, सोडतच नाय. मी म्हणले, ऱ्हाऊ द्या त्याच्याकडं.

माझ्या तहानेचं आता तुम्ही दोघींनी बघायचं.

तुमची
सारजाबाई